आबुंदियोच्या सावलीखाली

निदिया कानुलला देवानं डोळे दोनच दिले, पण बघायची ती चारांनी. दुकानदारानं मिठाची पुडी बांधून दिली की घरी येऊन ती तोलायची. पाद्रीबाबांनी प्रवचनात शेजारधर्माचं नाव काढलं, की कुणीतरी आपल्याविरुद्ध त्यांचे कान भरलेत, हे तिच्यापुरतं ठरलेलं. नवरा होता तोवर हे सगळं खपून गेलं. कासियानो हसायचा, म्हणायचा, "हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी दाराच्या बिजागऱ्या तपासेल." दोन वर्षांमागं छातीत कळ येऊन कासियानो गेला. घरातलं हसणारं माणूसच संपलं, आणि संशयाला मोकळं रान मिळालं.

"ताई, काही नाही," पाण्यातून डोकं वर काढून विल्बर म्हणाला.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. एक खेकडा बसलाय. तो माझ्याकडे बघून हसला."

"खेकड्याला कशाला नावं ठेवतोस? हसू व्हायला तू आहेस ना मेल्या." निदिया होडीच्या काठावर ओणवी झाली. "परवा तूच म्हणालास, सावलीखाली पिल्लं मावत नाहीत. गर्दी झालीय म्हणालास."

"होती गर्दी."

"मग गेली कुठं? मेरिदाच्या जत्रेला?"

विल्बरनं होडीचा काठ धरला. तो होडीत चढला आणि उगाचच दोर गुंडाळत बसला.

या उपसागरात पाणी उथळ, तळाला गवत, आणि गवतावर माणसांनी मांडलेल्या सावल्या. सावली म्हणजे बुटक्या पायांवरचा सिमेंटचा सपाट ठोकळा. खाली माणूस शिरणार नाही, पण शेवंडी, म्हणजे लांब मिश्यांचे काटेरी लॉबस्टर, दाटीवाटीनं राहतात. दिवसभर आत, अंधार पडला की चरायला बाहेर, उजाडायच्या आत परत. पिल्लं तिथंच वाढतात, आणि जुलैत मासेमारीवरची बंदी उठली की मोठी झालेली धरायची. ज्याच्या सावल्या जिथवर, तिथवर त्याचं शेत. कुंपण नाही, खांब नाही. वाकड्या खारफुटीपासून पाणी हिरव्याचं निळं होतं तिथवर कासियानोचं, त्याच्या पुढं आबुंदियो तुसचं. त्या दोघांनी ही हद्द तरुणपणी बिअर पीत पीत ठरवली आणि त्यावरून कधी तोंड वाजवलं नाही. मच्छीमार सोसायटीचे नियम ढीगभर, पण सगळे मानतात असा एकच: दुसऱ्याच्या सावलीखालचं उचललं, की शेत गेलं. कायमचं.

विधवेला नवऱ्याचं शेत मिळतं, पण पाण्यात उतरणारा तिच्या घरचाच हवा. म्हणून निदियानं आतल्या मुलखातून, माहेराहून, धाकट्या भावाला आणवलं होतं. माहेर मका पेरणारं, मधमाश्या पाळणारं. विल्बर पोहायला शिकला तो मिशा फुटल्यावर. गेला हंगाम त्याच्या हातून वायाच गेला होता. हाही तसाच गेला असता, तर शेताची वाट बघत बसलेली गावातली तरणी पोरं सभेत उठली असती, की बाईकडून शेत कसवत नाही, आम्हाला द्या. मग निदियाला उरलं असतं ते माहेरी, थोरल्या भावजयीच्या स्वयंपाकघरातलं एक स्टूल. 

तिनं मान वर केली. हद्दीपलीकडं आबुंदियोची होडी उभी होती. बंदीच्या दिवसांत धरायचं काही नसतं, तरी हा तिथं. त्यानं टोपी काढून हलवली.

"बघ, बघ," ती पुटपुटली. "बंदीत याचं काय काम इथं?"

"आपलं काय काम?" विल्बर म्हणाला.

"आपण आपल्या शेतात आहोत!"

"तोही त्याच्याच शेतात आहे, ताई."

निदियानं भावाकडं असं पाहिलं, की तो पुन्हा दोर गुंडाळू लागला.

त्याच दुपारी आबुंदियोची बायको तोमासा दारात आली. अचियोतेचा लाल मसाला चोळून केळीच्या पानात भाजलेला मासा, वर कापडात बांधलेल्या गरम तोर्तिया, मक्याच्या पोळ्या. तोमासा बोलघेवडी. झोपाळ्यात बसून तिनं गावाची खबर सांगितली आणि जाता जाता म्हणाली, "हे म्हणत होते, विल्बरला समुद्राचं थोडं सांगायला हवं. पोर चांगलं आहे, पण पाण्यातलं कळत नाही त्याला. पाठव की आमच्याकडे एखाद्या दिवशी."

"पाठवीन," निदिया म्हणाली.

तोमासाची पाठ वळल्यावर तिनं माशाचा तुकडा आधी मांजराला घातला. मांजर जगलं, तेव्हा ती जेवली. मासा चविष्ट होता, त्याचाही तिला राग आला. हे गोड बोलणं, हे ताट, हे शिकवायला बोलावणं. म्हणजे विल्बरला आपल्या होडीत घ्यायचं, त्याच्याकडून शेतातलं सगळं काढून घ्यायचं! मांजर फक्त दुधाच्याच घरी घसट ठेवतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? कासियानोच्या मयताला हाच आबुंदियो सगळ्यांत जास्त रडला होता. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता वाटलं, इतकं कुणी रडतं का दुसऱ्यासाठी?

चारच दिवसांत विल्बर सांगत आला, सावली पुन्हा भरली. निदियाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जाणारी गोष्ट जाते, तिचं दुःख करता येतं. जाऊन परत येणाऱ्या गोष्टीत कुणाचा तरी हात असतो.

उइपिलच्या, बायकांच्या सैल झग्याच्या, गळ्यावर फुलं भरायचा लाल रेशमी दोरा तिनं डब्यातून काढला. असा लाल गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हता, मेरिदाहून मागवलेला. सकाळी ती होडीत बसली, हातमोजे चढवले आणि म्हणाली, "आण वर पिल्लं. सगळी."

"कशाला?"

"दागिने घालते त्यांना."

विल्बर जाळीतून पिल्लं वर आणत राहिला. हाताच्या पंजाएवढी, काटेरी, धरलं की कुरकुरणारी. एकेकाच्या लांब मिशीच्या बुडाशी निदियानं लाल दोरा बांधला, दोन गाठी मारल्या आणि पिल्लू परत पाण्यात सोडलं. ती सरळ सावलीखाली घुसायची आणि तोंड बाहेर करून मिशा हलवत बसायची. सगळं आटोपेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. विल्बरचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"काय रे, दात का वाजतायत?"

"पाणी गार आहे."

मे महिन्यातलं ते पाणी रश्श्यासारखं कोमट होतं. निदियानं ही गोष्ट मनात ठेवून दिली. संशयाच्या डब्यात जागा तिच्याकडं कधी कमी पडली नाही.

आठवडा उलटला नाही तोच सावली पुन्हा ओसाड. या वेळी तिनं विल्बरला काही विचारलं नाही. "हाक होडी," म्हणाली, "निळ्या पाण्याकडं."

"ताई, ते त्याचं शेत आहे."

"वरून जायला बंदी नाही. उतरायला आहे. मी उतरत नाही."

काचेच्या बुडाची बादली तिनं पाण्यावर धरली आणि आत डोकं घातलं. गवत, वाळू, एक झोपाळू तारामासा. मग आबुंदियोची सावली, आणि तिच्या कडेखालून बाहेर आलेल्या मिशांची रांग. लाल. लाल. आणखी लाल. फुलं भरलेल्या गळ्यासारखी ती कड दिसत होती.

"सापडला!" ती बादलीतच ओरडली. "सापडला गं बाई! मयताला रडणारा सापडला!"

विल्बरनं होडीचं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "ताई, आधी त्याच्या दारात जा. इथली रीतच आहे ती. ज्याच्यावर संशय, त्याच्या उंबऱ्याशी उभं राहायचं आणि तोंडावर सांगायचं. मग सभा."

"म्हणजे रातोरात पिल्लं दुसरीकडं हलवायला त्याला मोकळीक? मला काय खुळी समजलास? आणि तू रे, त्याची एवढी वकिली करतोस ती? किती दिले त्यानं?"

"कुणी काही दिलं नाही," विल्बर म्हणाला. आवाज रडवेला होता. तीही नोंद तिनं घेतली.

ती आबुंदियोच्या दारात गेली नाही. त्याच्या दारावरून गेली, मान वळवून, आणि सरळ सोसायटीच्या चेअरमनच्या, मेलेसियोकाकांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. काका म्हातारे, अर्धे बहिरे, पण नियमाचे पक्के. त्यांनी सगळं दोनदा ऐकलं.

"त्याला विचारलंस?"

"चोराला विचारून चोरी कळते का, काका? दोरा माझा आहे. अख्खं गाव ओळखतं तो दोरा. नियम आहे तर नियम लावा. शेत काढून घ्या त्याचं."

"पोरी, मोठी गोष्ट बोलतेयस."

"त्यानं केली तेव्हा लहान होती का?"

दुसऱ्या दिवशी काकांनी दोन वडीलधारे घेतले आणि सगळ्यांसमोर आबुंदियोची सावली तपासली. लाल दोऱ्याची पिल्लं वर आली, होडीत कुरकुरत पडली. आबुंदियो कमरेवर हात ठेवून बघत होता. काळा, रुंद, डोळ्यांत मिठाची लाली असलेला माणूस.

"काय म्हणायचंय तुझं?" काकांनी विचारलं.

आबुंदियोनं आधी निदियाकडं पाहिलं, मग तिच्यामागं उभ्या विल्बरकडं. विल्बरनं मान खाली घातली. "चालत आली असतील," आबुंदियो म्हणाला.

वडीलधाऱ्यांपैकी एक हसला. एखाददुसरी भटकते, हे खरं. पण वरातीसारखी सगळी एकाच घरी?

काकांनी पिल्लं निदियाच्या स्वाधीन केली आणि तिनं स्वतःच्या हातानं ती आपल्या सावलीपाशी सोडली. रविवारच्या सभेपर्यंत आबुंदियोची होडी वाळूवर ओढून ठेवायची आणि मशीन सोसायटीच्या गोदामात कुलूपबंद, असं ठरलं. खांद्यावर मशीन घेऊन आबुंदियो गावाच्या एकुलत्या रस्त्यानं गेला, तेव्हा बायका दारात येऊन बघत होत्या. तोमासा आली नाही. निदिया आली होती. तिला वाटलं होतं, गार वाटेल. वाटलंही, थोडा वेळ.

शनिवारी सकाळी तिला राहवेना. सभेत सांगायला ताजी बातमी हवी, म्हणून विल्बरला घेऊन ती शेतावर गेली. बादली पाण्यावर टेकवली.

सावली रिकामी होती.

तिनं बादली उचलून पुन्हा टेकवली. आबुंदियोची होडी वाळूवर, मशीन कुलपात. किल्ली काकांच्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी. मग नेलं कुणी? तोमासानं? तोमासा घोट्याभर पाण्यात घाबरते. काकांनी? छे! मग तिनं हळूहळू मान वळवून भावाकडं पाहिलं.

"मी नाही, ताई! देवाशप्पथ, या वेळी मी नाही!"

"या वेळी?" निदिया म्हणाली.

विल्बर होडीच्या तळात बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडू लागला. निळ्या पाण्याकडं जायची गरजच नव्हती, तरी ती स्वतः मशीन चालवून गेली. आबुंदियोच्या सावलीच्या कडेनं लाल मिशा हलत होत्या, निवांत, घरी बसल्यासारख्या.

तिला तिच्या बाबांचं परसू आठवलं. एकदा उन्हाचा त्रास नको म्हणून बाबांनी मधमाश्यांची पेटी उचलून विहिरीपलीकडं, हाकेच्या अंतरावर ठेवली होती. संध्याकाळी चरून आलेल्या माश्या नव्या जागच्या पेटीकडं फिरकल्याच नाहीत. जुन्या जागी, जिथं आता नुसते दगड होते, तिथं घोंगावत राहिल्या. बाबा म्हणाले होते, घर त्यांना लाकडानं कळत नाही, जागेनं कळतं.

"कितीदा आणलीस त्याच्याकडून?" तिनं विचारलं.

"ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांपासून. आणतो, चार दिवसांत जातात. पुन्हा आणतो, पुन्हा जातात. मला वाटलं, त्याला कळलंय आणि तो गुपचूप परत नेतोय. म्हणून बोलताही येईना."

"का आणलीस?"

"आपल्या सावल्या रिकाम्या होत्या गं. तू रोज विचारायचीस, किती आहेत, किती आहेत. तुझ्या तोंडाला घाबरून आणली."

निदियानं त्याच्या थोबाडीत मारली. मग तिला काय करावं सुचेना, म्हणून आणखी एक मारली.

"ताई, ऐक," विल्बर गाल चोळत म्हणाला. "कुणाला ठाऊक आहे? तुला नि मला. उद्या नुसतं गप्प बसायचं. दोरा तुझा, सावली त्याची, तीन माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय. आपलं शेत राहील. बोललीस तर जाईल. तुझं तोंड तेवढं एक दिवस बंद ठेव."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते टोचलं. घरी येऊन ती कासियानोच्या झोपाळ्यात पडून राहिली. गप्प बसणं किती सोपं होतं! तिनं काही करायचंच नव्हतं. भावजयीच्या घरचं स्टूल डोळ्यांपुढं आलं. कासियानोनं या सावल्यांसाठी उन्हात उघड्या पाठीनं सिमेंट कालवलं होतं, तेही आलं. तिनं आयुष्यभर लोकांवर नाही नाही ते आळ घेतले होते, पण दर वेळी ते तिला खरे वाटायचे म्हणून. संशयी होती ती. खोटारडी नव्हती. आणि हा फरक गावात कुणालाच दिसत नव्हता, एवढ्याचंच तिला जन्मभर वाईट वाटत आलं होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून माणसं बर्फाच्या गोदामात जमली. बाकं अपुरी, उरलेले भिंतीला टेकून. आबुंदियो पुढं बसला होता, शेजारी तोमासा, धुतलेल्या पांढऱ्या उइपिलमध्ये, कुणाकडंही न बघता. मेलेसियोकाका उठायच्या आत निदिया उठली.

"आधी मी बोलते."

"तुझं म्हणणं आम्हाला ठाऊक आहे, पोरी."

"नाही ठाऊक. दोरा माझा. पिल्लं याची. माझ्या भावानं याच्या सावलीखालून उचलून माझ्या सावलीखाली ठेवली होती, उपासाच्या दिवसांपासून. ती आपल्या पायांनी घरी गेली. तुम्ही माझ्या हातात दिली होती ना, काका? तीही गेली, मशीन तुमच्या कुलपात असताना. जाऊन बघा हवं तर. यानं काही चोरलं नाही. चोरी माझ्या घरातली आहे."

गोदामात बर्फ ठिबकण्याचा आवाज येत होता. मागं कुणीतरी विल्बरला ढकललं, कुणीतरी "असू दे, असू दे" म्हटलं. काकांनी कानाशी हात नेला, त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. 

"आबुंदियो," काका म्हणाले, "तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"होतं?" निदिया वळली. "भावोजी, मग बोलला का नाहीत?"

आबुंदियो सावकाश उठला. "काय बोलायचं? मी लांबून पाहिलं होतं याला, पोतं घेऊन खाली जाताना. म्हटलं, नवखं पोर आहे, कासियानोच्या घरचं आहे. पिल्लं काय, चार दिवसांत आपापली घरी येतच होती. कशाला कुणाचं नाक कापायचं? तोमासाला म्हटलं, पोराला बोलाव, शिकवू, आपोआप थांबेल."

निदियाच्या छातीवरचा धोंडा हलला. आजवर ज्या माणसाच्या पोटात काय आहे हे ती खोदत होती, त्याच्या पोटात हे होतं. मागं विल्बर मोठ्यानं नाक ओढत होता, आणि बाकावरची एक-दोन माणसं हसलीसुद्धा, सुटल्यासारखी.

"म्हणजे तुझी तक्रार नाही," काका म्हणाले.

"पिल्लांची नाही."

"मग?"

"नियम यांनीच मागितला होता ना, काका? मग लावा की." आबुंदियो निदियाकडं वळला. त्याचा आवाज चढला नव्हता. "वहिनी, माझ्या घरापासून तुमचं घर किती लांब? एकदा दारात आला असतात, तर उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं असतं, कॉफी पीत. तुम्ही नाही आलात. भर रस्त्यानं खांद्यावर मशीन न्यायला लावलंत मला. ही आठवडाभर घराबाहेर पडली नाही, पाणी पोरं भरतात. पिल्लं चोरली ते मी केव्हाच विसरलो होतो. मला चोर केलंत, ते नाही विसरता येत."

काका टेकू घेत उठले. मग नेहमीच्या शब्दांत विचारलं, कासियानो कानुलचं शेत सोसायटीनं परत घ्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत.

पहिला हात आबुंदियोचा होता. तोमासानं त्याच्या बाहीला धरलं, पण तो खाली आला नाही. मग एकेक करून बाकीचे वर गेले, काही पटकन, काही जमिनीकडं बघत.

निदिया आबुंदियोच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होती. जन्माची खोड, दुसरं काय! शेत गिळायचा डाव असेल, आतून हसत असेल, काहीतरी असेल. तिनं खूप शोधलं. तिथं फक्त राग होता, आणि तो खरा होता.

तीही सोसायटीची सभासद होती. काकांची नजर तिच्यापाशी येऊन थांबली, तेव्हा तिनं हात वर केला.